झाडांचा हिशोब: केनियाच्या बांधांवरून

सोमवार, नैरोबी

शेतकऱ्याने बांधावर झाड लावलं की हवेतला कार्बन झाडात आणि मातीत जातो, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येतात. हे वाक्य अलीकडे प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. ते खोटं नाही. पण किती कार्बन, किती पैसे आणि केव्हा, असं विचारलं की वक्ते पुढच्या स्लाइडकडे वळतात. मी माती परीक्षणातली. सोबतचा सहकारी शेतकरी गटांचे हिशोब लिहिणारा. त्याला मी हिशोबनीसच म्हणते. आकडा दिसल्याशिवाय आम्हा दोघांनाही चैन पडत नाही. छोट्या शेतकऱ्यांच्या मातीतल्या कार्बनचे क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या टनाटनाचे विकता येणारे दाखले, जिथे सुरुवातीला निघाले त्या केनियात जायचं ठरलं ते त्यामुळे.

नैरोबीच्या गिगिरी भागात संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांच्या शेजारीच जागतिक वनशेती केंद्र आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं जुनं नाव इक्राफ. २०१९ मध्ये ती इंडोनेशियातल्या वनसंशोधन केंद्रात विलीन झाली, तरी रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून इक्राफच आहे. आवारात शिरलं की इमारतींपेक्षा झाडंच जास्त दिसतात.

मला ओढ होती मातीच्या प्रयोगशाळेची. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कार्बन, मोजायचा म्हणजे आमच्याकडे आम्ल, डायक्रोमेट, ब्युरेट, आणि हातमोज्याला पडलेली भोकं. इथे माती वाळवून, दळून एका चकतीत भरतात आणि तिच्यावर इन्फ्रारेड किरण सोडतात. परत आलेल्या किरणांचा आलेख म्हणजे त्या मातीचा ठसा. थोड्याच नमुन्यांची रासायनिक तपासणी करायची, तिचा आलेखाशी मेळ बसवायचा आणि मग हजारो नमुन्यांचा कर्ब मिनिटागणिक वाचत जायचं. यंत्राजवळून मला हलवायला हिशोबनिसाला दोनदा यावं लागलं. खर्च कमी होतो हे तर आहेच. पण कार्बनच्या सगळ्या व्यवहारात मोजणीचा खर्च हेच खरं दुखणं आहे, हे पुढे जागोजाग दिसणार होतं.

इथल्याच संशोधकांचा २०१६ मधला एक जागतिक अभ्यास आहे. २०१० साली जगातल्या ४३ टक्के शेतजमिनीवर किमान १० टक्के झाडांचं छत्र होतं, आणि शेतजमिनीवरच्या वनस्पतींत साठलेल्या कार्बनपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा झाडांचा होता. म्हणजे वनशेती हा कुणी नव्याने काढलेला शोध नाही. शेतकऱ्याकडे झाडं होतीच. ती मोजायची मात्र कुणाला गरज वाटली नव्हती, कारण जंगलखातं जंगल मोजत होतं आणि कृषिखातं पीक.

संध्याकाळी जवळच्या करुरा जंगलात चक्कर मारली. हे जंगल बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई १९९९ च्या जानेवारीत रोपं लावायला गेल्या आणि भाडोत्री गुंडांकडून मार खाऊन परतल्या. १९७७ मध्ये त्यांनी सुरू केलेली ग्रीन बेल्ट चळवळ मुळात खेड्यांतल्या बायकांची होती. सरपण, पाणी आणि चारा हे तिचे विषय. २००४ चं नोबेल नंतर आलं. कार्बनचा हिशोब तर त्याहूनही नंतर.

मंगळवार, एम्बू

थिका ओलांडलं की अननसाचे मळे लागतात, मग म्वेआची भातखाचरं आणि त्यानंतर चढ. माउंट केनियाच्या उतारावर पिकांचे पट्टे आहेत: वर चहा, त्याखाली कॉफी, आणखी खाली मका. तिन्ही पट्ट्यांत एक झाड मात्र सगळीकडे दिसतं, ग्रेव्हिलिया. आपण त्याला सिल्व्हर ओक म्हणतो. ऑस्ट्रेलियातलं हे झाड चहा-कॉफीला सावली म्हणून आलं आणि शेतकऱ्यांनी ते उचलून हद्दीवर नेलं. बाजूच्या फांद्या वरपर्यंत छाटलेल्या आणि शेंड्याला तेवढा तुरा, असे खांब रांगेने उभे असतात. छाटलेल्या फांद्या चुलीला, खोड पुढे फळ्यांना. छाटणीमुळे पिकावर सावली पडत नाही, आणि हद्दीवर झाड असल्याने शेजाऱ्याशी भांडणाला जागा उरत नाही.

ज्या शेतावर गेलो ते जेमतेम अडीच एकरांचं असेल. उतार असा की चालताना पाय घसरावा. त्यावर आडवे चर खणून माती वरच्या अंगाला टाकलेली. या बांधांना इथे फान्या जू म्हणतात. पावसागणिक माती बांधामागे साठत जाते आणि काही वर्षांत उताराच्या आपोआप पायऱ्या होतात. बांधावर हत्तीगवत आणि त्याच्या मागे कॅलिअँड्राची कुंपणासारखी रांग. कॅलिअँड्रा हे मूळ मध्य अमेरिकेतलं शेंगवर्गीय झुडूप, फूल तांबडं आणि झुपकेदार. मीटरभर उंचीवर कापायची, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कापायची.

घरधनीण गोठ्यात होती. दोन गाई, दोन्ही बांधून खाणाऱ्या.

“पूर्वी दुकानातून खुराक आणायचे,” ती म्हणाली. “आता दुकानदार मला ओळखत नाही.”

यामागचं गणित एम्बूच्या परिसरातच बसवलेलं आहे. तीन किलो ओला कॅलिअँड्रा म्हणजे प्रथिनांच्या दृष्टीने साधारण एक किलो विकतचा खुराक. एका गाईला वर्षभर पुरवायला सुमारे ५०० झुडपं लागतात आणि ती सगळी बांधांवर मावतात, मक्याची एक ओळही कमी करावी लागत नाही. जुन्या पाहण्यांत गाईमागे वर्षाला १०० डॉलरच्या आसपास फायदा निघाला होता. हिशोबनिसाने तो आकडा वहीत लिहून त्याला चौकट केली. त्या चौकटीकडे आम्ही पुढे वारंवार परत गेलो.

बाईंना कार्बनबद्दल विचारलं. ऐकलंय म्हणाल्या. गाई आमच्याकडे संशयाने बघत होत्या, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

बुधवार, मेरू ते नान्युकी

आज एका गटाच्या बैठकीला बसायला मिळालं. टिस्ट नावाचा हा कार्यक्रम टांझानियात १९९९ मध्ये सुरू झाला आणि केनियात २००४ मध्ये आला. सहा ते बारा शेतकऱ्यांचा छोटा गट, अशा अनेक गटांचा एक समूह. कोणती झाडं लावायची ते शेतकऱ्याने ठरवायचं, जमीन त्याची, झाडं त्याची, फळं आणि लाकूडही त्याचंच. फक्त कार्बन विकण्याचा हक्क कराराने दिलेला. मोजणारे गावातलेच प्रशिक्षित लोक. हातात जीपीएस घेऊन हद्दीवरून चालत जायचं, झाडं मोजायची, ठरावीक झाडांचा घेर घ्यायचा आणि माहिती पाठवायची.

जिवंत झाडामागे वर्षाला २ अमेरिकी सेंट आगाऊ, आणि क्रेडिट विकून झालेल्या नफ्यातला ७० टक्के वाटा पुढे. पैसे मोबाइलवर येतात. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा २००७ पासून आहे, त्यामुळे चिल्लर रक्कम पाठवणं परवडतं. बँकेतून पाठवायची असती तर अर्धे पैसे बँकच खाऊन गेली असती.

हिशोबनीस पुटपुटला, “ताई, हजार झाडांना वीस डॉलर.”

बरोबर. सध्याच्या दराने अडीच हजार शिलिंगच्या आसपास, आणि तेही हजार झाडं जगली तर. गटातल्या एका वयस्क गृहस्थांना मी हेच विचारलं. वीस डॉलरसाठी कोण हजार झाडं लावेल? ते हसले. वीस डॉलरसाठी कुणीच लावत नाही, म्हणाले. झाडं हवी होतीच, पण रोपवाटिका कोण घालणार, बी कुठून आणायचं, कुणाचं रोप का मेलं, हे बोलायला दर महिन्याला एकत्र यायचं निमित्त मिळालं. मोजायला कुणीतरी येणार म्हटलं की माणूस रोपाला पाणीही घालतो.

बैठकीतली एक गोष्ट मला फार आवडली. अध्यक्षपद पाळीपाळीने फिरतं, आणि बैठक संपताना प्रत्येकाने त्या दिवशीच्या अध्यक्षाने काय चांगलं केलं ते नेमकं सांगायचं असतं. गोलमोल स्तुती चालत नाही. एक तरुण मुलगी अध्यक्ष होती. “तू आमच्या म्हाताऱ्याला मध्येच थांबवलंस, ते चांगलं केलंस,” असं एका बाईने तिला सांगितलं तेव्हा म्हातारेच सगळ्यांत मोठ्याने हसले. आपल्याकडच्या वार्षिक सभांत हे सुरू करायला हवं.

नान्युकीजवळ विषुववृत्त ओलांडताना पाटीखाली पोरं बादलीतलं पाणी फिरवून दाखवतात: या बाजूला उजवीकडे, त्या बाजूला डावीकडे. ती शुद्ध हातचलाखी आहे. चार पावलांवर पृथ्वीच्या फिरण्याचा इतका परिणाम होत नसतो. पण करतात छान, बक्षिसी द्यावीशी वाटते.

गुरुवार, रस्ता

न्याहुरुरू, नाकुरू, केरिचो, किसुमू. दिवसभर गाडीच. न्याहुरुरूचा धबधबा पाहिला, केरिचोला पाऊस लागला. तिथे तो दुपारी लागतोच म्हणतात. चहाच्या मळ्यांमागे निलगिरीची मैलोन्‌मैल वाढ आहे. चहाची पानं वाळवायला बॉयलर लागतो आणि बॉयलरला लाकूड. वर्षाला टनांनी वाढणारं झाड म्हणून कार्बनच्या कोष्टकात निलगिरी नेहमी पहिली येते. ज्या कोष्टकात पाण्याचा रकाना नाही त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

शुक्रवार, न्यान्डो

केरिचोचे हिरवे डोंगर उतरलं की न्यान्डो नदीचं खोरं लागतं आणि चित्र पालटतं. वरच्या जंगलतोडीची माती पुराबरोबर खाली येते, आणि खालच्या चराऊ जमिनीला घळी पडत जातात. न्याकाच भागातली कातुक ओदेयो नावाची घळ पाहिली. काठावर उभं राहिलं की मातीचे थर पुस्तकातल्या आकृतीइतके स्पष्ट दिसतात: वरचा काळपट पातळ थर, म्हणजे सगळा कर्ब, आणि त्याखाली पिवळट, निर्जीव, मीठ शिंपडल्यासारखी माती. वरची वीतभर गेली की उरलेल्यात काही पिकत नाही. मी नमुना घ्यायला पिशवी काढली आणि परत ठेवली. दुसऱ्या देशाची माती घरी नेता येत नाही.

किसुमू, सियाया, बुंगोमा या बाजूंना केनिया कृषी कार्बन प्रकल्प झाला, तो पाहणं हेच आमच्या येण्याचं मुख्य कारण. व्ही अ‍ॅग्रोफॉरेस्ट्री ही स्वीडिश संस्था तो चालवत होती. तिची सुरुवात १९८३ मध्ये केनियातल्याच वेस्ट पोकोटमध्ये झाली. ‘व्ही’ हे स्वीडनमधल्या एका मासिकाचं नाव. त्याच्या वाचकांच्या वर्गणीतून रोपवाटिका उभ्या राहिल्या. जागतिक बँकेच्या बायोकार्बन फंडाशी क्रेडिट खरेदीचा करार झाला २०१० च्या नोव्हेंबरमध्ये. सुमारे ६०,००० शेतकरी, ४५,००० हेक्टर.

इथे मातीचा कार्बन मोजला कसा, हा माझा प्रश्न. उत्तर: प्रत्येक शेतात मोजलाच नाही. साठ हजार शेतांत दरवर्षी खोदायचं म्हटलं तर क्रेडिटच्या कितीतरी पट खर्च येईल. त्याऐवजी शेतकरी काय करतो ते नोंदवलं: पाचट जाळतो की पसरतो, शेणखत किती घालतो, आच्छादन आहे का, बांध आहेत का, झाडं किती. हे आकडे रॉथ-सी नावाच्या गणिती प्रतिमानात, म्हणजे मॉडेलमध्ये, घातले. ते इंग्लंडच्या रॉथमस्टेडमधलं. तिथले शेतीप्रयोग १८४३ पासून अखंड चालू आहेत. तापमान, पाऊस, मातीतलं चिकणमातीचं प्रमाण, जमिनीवर पिकाचं झाकण आणि आत जाणारा पालापाचोळा एवढं दिलं की कर्ब किती वाढेल ते प्रतिमान सांगतं.

मला ही पद्धत आधी पळवाट वाटली होती. गटाच्या वह्या पाहिल्यावर मत निम्मं बदललं. शेतकरी स्वतः हंगामागणिक नोंदी ठेवत होते: किती पोती मका, किती टोपल्या कंपोस्ट, किती झाडं मेली. एका वहीत मक्याच्या रकान्यात आधीच्या हंगामात दोन पोती होती आणि शेवटच्या पानावर पाच. ही वही कार्बनसाठी सुरू झाली, पण ती शेतकऱ्याची स्वतःची झाली. निम्मं मत मात्र तसंच राहिलं आहे. इंग्लंडच्या थंड मातीवर घडवलेलं प्रतिमान विषुववृत्तावरच्या वाळवीने भरलेल्या मातीत किती चालतं ते तपासायला शेवटी खोदावंच लागतं. आणि मातीचा कर्ब कायम वाढत राहत नाही. दहा-वीस वर्षांत तो नव्या पातळीवर स्थिरावतो. पुढे पैसे मिळत नाहीत, पण पाचट पसरायचं काम संपत नाही; ते सोडलं तर साठवलेलाही परत हवेत जातो.

पहिले क्रेडिट २०१४ च्या जानेवारीत निघाले: २४,७८८ टन कार्बन डायऑक्साइडचे. जगात या पद्धतीने निघालेले हे पहिलेच. हिशोबनिसाने साठ हजारांनी भागलं. माणशी अर्धा टनही नाही. टनाला पाच डॉलर धरले तर दोन डॉलर, आणि त्यातून तपासनीस, नोंदणी, कार्यालय हे सगळं वजा. त्याने पेन्सिल कानावर ठेवली.

“मग पाच पोती मका कुठे लिहू?” असं त्याने मला विचारलं, आणि तेच विचारायला हवं होतं. क्रेडिटच्या खात्यात ती पोती कुठेच येत नाहीत.

शनिवार, मासेनो आणि विहिगा

मासेनोला विषुववृत्ताची आणखी एक पाटी आहे. तिथून विहिगात शिरलो. दर चौरस किलोमीटरला हजाराहून जास्त माणसं, आणि शहर मात्र नाही. घर, केळी, मका, घेवडा, चार झाडं, कुंपण, लगेच पुढचं घर. एकरभर असलेला इथे मोठा शेतकरी.

नव्वदच्या दशकात याच भागात मृदाशास्त्रज्ञ पेड्रो सांचेझ आणि इक्राफच्या शास्त्रज्ञांनी खत देणाऱ्या झाडांचा मोठा प्रयोग केला. आफ्रिकेतल्या ३७ देशांच्या शेतांतून तीस वर्षं दर हेक्टरी वर्षाला सरासरी २२ किलो नत्र, २.५ किलो स्फुरद आणि १५ किलो पालाश निघून जात होतं, परत काही पडत नव्हतं. यावर उपाय म्हणून मक्याच्या दोन हंगामांच्या मधे जमीन पडीक ठेवून तिच्यात शेवरी, ताग वर्गातली क्रोटालारिया किंवा टेफ्रोशिया लावायची, मग कापून पाला गाडायचा. हेक्टरी शंभर-दोनशे किलो नत्र हवेतून आणि खोल मातीतून वर येतं. कुंपणाला वाढणाऱ्या टिथोनियाचा, म्हणजे पिवळ्या मेक्सिकन सूर्यफुलाचा, पालाही गाडायचा. त्यात साडेतीन टक्के नत्र असतं. सांचेझ यांना २००२ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं त्यात या कामाचा वाटा होता.

आज विहिगात फिरताना टिथोनिया कुंपणाला भरपूर दिसला, शेवरीचं पडीक रान जवळपास नाही. का? प्रयोग चालू होता तोवर बियाण्याला गिऱ्हाईक होतं, प्रकल्पच ते विकत घेई. काहींनी शेवरी मातीसाठी लावली, काहींनी बी विकायला. प्रकल्प गेला, गिऱ्हाईक गेलं, शेवरीही गेली. बी विकायला लावणाऱ्यांना संशोधकांनीच पुढे ‘खोटे स्वीकारकर्ते’ म्हटलं. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. शेतकऱ्याने बाजार होता ते पिकवलं. कार्बनच्या पैशावर झाडं लावायला सांगणाऱ्यांनी मात्र हे प्रकरण नीट वाचायला हवं, कारण दर पडला की क्रेडिटचंही असंच होणार. शिवाय अर्धा एकर जमीन असलेल्याला एक हंगाम पडीक ठेवायला सांगणं म्हणजे त्याला एक हंगाम उपाशी बसायला सांगणंच.

दुपारी एका घराच्या हद्दीवरच्या ग्रेव्हिलियाला फीत लावली. जमिनीपासून १.३ मीटरवर, छातीइतक्या उंचीवर. घेर ६३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २०. पश्चिम केनियातल्या शेतांमधलीच झाडं तोडून, वाळवून, वजन करून संशोधकांनी एक सूत्र काढलं आहे: व्यासाचा २.४७२ वा घात, गुणिले ०.०९१. उत्तर येतं सुमारे १५० किलो कोरडं वजन. त्यातला निम्म्याहून थोडा कमी कार्बन, ७० किलो. त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की झाडाने हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड, २५७ किलो. मुळांचे पाव भाग धरले की ३२० किलोच्या आसपास.

घरातली पोरं गोळा झाली होती. त्यांच्यातल्या एकीने विचारलं की हवा इतकी जड असते का. असते, म्हटलं.

अशी शंभर झाडं, दहा वर्षांची, म्हणजे ३२ टन. वर्षाला ३.२. टनाला पाच डॉलर धरले तर खर्च वजा न करता १६ डॉलर. हिशोबनिसाने वही मागे उलटून मंगळवारची चौकट दाखवली. एका गाईचे शंभर.

झाडाची मालकी कुणाची, हाही प्रश्न इथेच निघाला. या भागात झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं, आणि तो पुरुषाचा. बाईने झाड लावलं तर ती वांझ राहते, नवरा मरतो, असे समज जुन्या पिढीत पक्के होते. आमच्या यजमानीणबाईंनी त्यातून वाट काढली होती. कॅलिअँड्रा, शेवरी यांना त्या झाड म्हणतच नाहीत. ती झुडपं, म्हणजे भाजीपाल्याच्या वर्गातली. ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही. पण करारावर सही करायला जमिनीचा कागद लागतो, आणि कागदावर बहुधा सासऱ्याचं नाव असतं. कधीकधी तो सासरा पंधरा वर्षांपूर्वी वारलेला असतो.

रविवार, किसुमू

आराम. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर तळलेला तिलापिया मासा आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खाल्ली, हाताने, चमचा मागितला असता तर हसं झालं असतं.

दुपारी कालच्या ओळखीतून हाती आलेला एका कार्बन कंपनीचा करार वाचला. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही. मुदत ३० वर्षं. कार्बनवरचे सगळे हक्क, आजचे आणि पुढचे, कंपनीला. शेतकऱ्याला ‘निव्वळ उत्पन्नाचा वाटा’. निव्वळ म्हणजे काय, हे परिशिष्टात. परिशिष्ट जोडलेलं नव्हतं. करार इंग्रजीत आणि सही अंगठ्याची. शेतकऱ्याने तीन वर्षं वाट पाहिली, मोजणीला माणूस एकदा आला.

झाडं मेली, जळाली, कुणी तोडली तर काय, याची तजवीज क्रेडिट मंजूर करणाऱ्या मोठ्या मानकांत आहे: निघालेल्या क्रेडिटचा काही हिस्सा विकायचा नाही, एका सामायिक राखीव साठ्यात ठेवायचा. विमाच म्हणायचा. पण त्या राखीवचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच वाट्यातून जातो, हे कुणी त्याला सांगितल्याचं मला या फेरीत दिसलं नाही.

सोमवार, म्बिटा

लुआंडा कोटिएनोहून फेरीबोटीने म्बिटाला. इथल्या इसिपे या कीटकसंशोधन केंद्रात झियाउर खान यांनी रॉथमस्टेडच्या शास्त्रज्ञांबरोबर ‘ढकल-ओढ’ पद्धत विकसित केली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही वेल. तिच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर जातात, आणि शेताभोवतीच्या हत्तीगवताकडे ओढले जातात. तिथे अंडी उबली तरी गवताच्या चिकात अळ्या मरतात. डेस्मोडियमची मुळं आणखी एक काम करतात. टारफुला या परजीवी तणाच्या बियांना ती उगवायला लावतात आणि मक्याच्या मुळापर्यंत पोचू देत नाहीत, त्यामुळे बी उगवून मरतं. जांभळी फुलं दिसायला गोड, पण मक्याचं रक्त पिणारा हा टारफुला इथल्या शेतांचा खरा शत्रू आहे. झाडं यात नाहीत. पण जमीन बारा महिने झाकलेली, नत्र बांधलं जातं, चारा मिळतो. मातीत कर्ब वाढवायचा तर पुष्कळदा झाडापेक्षा असं झाकण लवकर काम करतं. इथे मी गुडघे टेकून बराच वेळ मुळं उकरत बसले होते.

मंगळवार, पुन्हा नैरोबी

विमान रात्री होतं, म्हणून सकाळी कायद्याच्या जाणकाराकडे. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतच देशाच्या किमान १० टक्के भूभागावर झाडांचं छत्र असावं असं कलम आहे, आणि २००९ चे नियम शेतकऱ्यालाही आपल्या १० टक्के जमिनीवर झाडं ठेवायला सांगतात. २०२२ मध्ये सरकारने २०३२ पर्यंत १५ अब्ज झाडांचा संकल्प सोडला. १३ नोव्हेंबर २०२३ ला झाडं लावण्यासाठी देशभर सुट्टी दिली. आणि २०२३ च्या हवामान बदल दुरुस्ती कायद्याने कार्बनच्या व्यापाराला पहिल्यांदा कुंपण घातलं: जमिनीवरच्या प्रकल्पांनी मागच्या वर्षीच्या उत्पन्नाच्या किमान ४० टक्के रक्कम स्थानिक समुदायाला द्यायची, धंद्याचा खर्च वजा करून.

“वजा करून!” हिशोबनीस म्हणाला. जाणकार बाईही हसल्या. शिवाय यासाठी समुदायाशी करायचा करार सार्वजनिक आणि सामुदायिक जमिनींसाठी आहे. विहिगातल्या अर्ध्या एकराच्या मालकाला आपला करार आपणच वाचावा लागणार.

विमानतळावर आम्ही दोघांनी मिळून परतल्यावर द्यायच्या अहवालाचं एक पान लिहिलं. आमच्या गटांना कार्बनसाठी झाडं लावा असं सांगायचं नाही. चारा, सरपण, माती, लाकूड यांच्यासाठी जी झाडं शेतकरी एरवीही लावेल तीच लावायची, नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवायची, आणि क्रेडिट मिळालं तर ते रोपवाटिकेच्या आणि मोजणीच्या खर्चाला. करार मराठीत नसेल तर सही नाही. दहा वर्षांहून जास्त मुदत नको असं हिशोबनिसाचं म्हणणं. मला वाटतं तेवढ्यात झाड मोठं होत नाही आणि गिऱ्हाईकही टिकत नाही. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

कुणाला जायचं असेल तर: प्रवेशासाठी ऑनलाइन परवाना आधी काढावा लागतो. परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात, तो प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावा. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. लागवड पाहायची तर नोव्हेंबर बरा, रस्ते पाहायचे तर फेब्रुवारी. शिंप्याची फीत सोबत असू द्या, दीड मीटरची पुरते. ग्रेव्हिलियाला पुरते, निलगिरीला कधीकधी कमी पडते.